फायलीचे नाव घेतले म्हणजे ती वाचली असे नव्हे

२०२० सालच्या जून महिन्यात बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवराचे पाणी एकाएकी गुलाबी दिसू लागले, हे आपल्या वाचकांपैकी अनेकांना आठवत असेल. पहिल्या काही दिवसांत तर्कांना ऊत आला. कोणी खाऱ्या पाण्यातील शैवालाकडे बोट दाखवले, तर कोणी पाणी आटून क्षार वाढल्याचे सांगितले. सरोवराच्या संवर्धनासाठी २००९ साली दाखल झालेली जनहित याचिका मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे होती, त्यामुळे हा प्रश्न तेथेही निघाला. पाण्याचे नमुने नागपूरच्या ‘नीरी’कडे आणि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेकडे गेले. आघारकर संस्थेच्या तपासणीत कारण सापडले. हॅलोआर्किया या गटातले, अतिशय खाऱ्या पाण्यात वाढणारे सूक्ष्मजीव तेथे फोफावले होते आणि रंग त्यांच्या तांबूस रंगद्रव्याचा होता. नमुना स्थिर ठेवला की हे जीव तळाशी बसत आणि वरचे पाणी नितळ होई. म्हणजे पाणी रंगलेले नव्हते, पाण्यात रंगीत जीव होते.

आता अशी कल्पना करू या, की या प्रकरणातले सगळे कागद एका संगणकात भरले आहेत. त्यात याचिका आहे, शपथपत्रे आहेत, न्यायालयाचे आदेश आहेत, संस्थांचे अहवाल आहेत आणि जूनमधली वर्तमानपत्रांची कात्रणेही आहेत. एखादा तरुण वकील त्या संगणकातल्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या सहायकाला विचारतो, ‘पाणी गुलाबी का झाले?’ उत्तर कात्रणातून आले तर शैवाल येईल, अहवालातून आले तर हॅलोआर्किया. दोन्ही उत्तरे फायलींमधलीच, दोन्हींच्या खाली संदर्भही असेल. त्यांतले एक त्या वेळचा तर्क आहे आणि दुसरे तपासणीचा निष्कर्ष, हा फरक मात्र उत्तराच्या भाषेवरून कळणार नाही.

वकिलांसाठी असे सहायक आता बाजारात पुष्कळ आहेत. त्यांच्या वापराबद्दल एक सल्ला वारंवार दिला जातो: प्रश्न मोघम विचारू नका, सूचनेतच फायलीचे नाव घ्या आणि कोणत्या कार्यपद्धतीने काम करायचे तेही सांगा. सल्ला चांगला आहे. पण तो जसा दिला जातो, तसा अर्धवट आहे. त्याचे गुणदोष येथे तपासायचे आहेत. विषय वकिलांचा असला तरी प्रश्न संदर्भाचा आहे, आणि तो शिक्षक आणि शास्त्रज्ञ दोघांच्याही रोजच्या कामातला आहे.

हे साधन काम कसे करते?

सहायकाला दिलेल्या लेखी सूचनेला ‘प्रॉम्प्ट’ म्हणतात. पुष्कळ साधनांत सूचना लिहिताना ‘अ‍ॅट’चे चिन्ह टंकले की भरून ठेवलेल्या फायलींची यादी समोर येते. त्यातली एक निवडली की तिचे नाव सूचनेत बसते. ‘कार्यपद्धती’ म्हणजे इंग्रजीत ज्याला ‘वर्कफ्लो’ म्हणतात ती, एकदा लिहून जपून ठेवलेली पायऱ्यांची यादी. ‘आधी तारखांचा तक्ता कर, मग प्रत्येक पक्षाचे म्हणणे मांड, मग दोन्हींतील विसंगती दाखव’ अशा पायऱ्या एका नावाखाली साठवतात आणि पुढे नुसते नाव घेतले की त्या लागू होतात. प्रयोगशाळेत आम्ही ‘नेहमीच्या कृतीने क्षारता मोजा’ म्हणतो, तसेच हे.

फाईल लहान असेल तर तिचा सगळा मजकूर यंत्रासमोर ठेवला जातो. मोठी असेल, किंवा फायली अनेक असतील, तर बहुतेक साधने आधी मजकुराचे लहान तुकडे पाडतात. प्रत्येक तुकड्याच्या अर्थाचे संख्यांमध्ये रूपांतर करतात. आपला प्रश्न आला की त्याचेही तसेच रूपांतर होते आणि प्रश्नाला सर्वांत जवळचे वाटणारे काही तुकडे निवडून भाषेच्या प्रतिमानाला दिले जातात. प्रतिमान त्या तुकड्यांवरून उत्तर रचते. ग्रंथपालाने अख्खे पुस्तक न देता मागणीवरून आठ-दहा पाने झेरॉक्स करून द्यावीत, असा हा प्रकार आहे. पाने बरोबर निवडली तर काम झाले. महत्त्वाचे पान राहून गेले, तर वाचणाऱ्याला ते राहिल्याचे कळतही नाही.

सल्ल्यातले खरे

फायलीचे नाव न घेता प्रश्न विचारला तर काय होते, याची उदाहरणे आता न्यायालयांच्या नोंदींत आहेत. न्यूयॉर्कमधील ‘माता विरुद्ध आव्हियांका’ या दाव्यात वकिलांनी चॅटजीपीटीने दिलेले सहा निवाडे न्यायालयात सादर केले, आणि ते सहाही अस्तित्वातच नव्हते. जून २०२३ मध्ये न्यायालयाने ५,००० डॉलर दंड केला. त्यातला एक तपशील शिक्षकांनी मुद्दाम लक्षात ठेवावा असा आहे. निवाडे खरे आहेत का, असे त्या यंत्रालाच विचारण्यात आले होते आणि यंत्राने ‘हो’ म्हटले होते.

आपल्याकडेही असेच घडले. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ‘केएमजी वायर्स’ या कंपनीच्या प्रकरणात प्राप्तिकराचा एक निर्धारण आदेश रद्द केला. त्या आदेशात आधार म्हणून घेतलेले तीन निवाडे कोठेच सापडत नव्हते. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या युगात यंत्राने पुढे केलेल्या उत्तरांवर विसंबण्याचा कल वाढला आहे, पण निमन्यायिक काम करणाऱ्याने ती पडताळून घेतल्याशिवाय वापरू नयेत, असा न्यायालयाच्या म्हणण्याचा आशय होता.

अशा चुकांवर फायलीचे नाव घेणे हा खरोखर उपाय आहे. ‘तुला जे ठाऊक आहे त्यावरून सांग’ याऐवजी ‘या कागदावरून सांग’ म्हटले की शोधाचे क्षेत्र आखले जाते. त्याहून मोठा लाभ असा, की उत्तर चुकले तर चूक कोठे शोधायची ते कळते. विज्ञानात आम्ही हेच मानतो. चुकीचे पण तपासता येण्याजोगे विधान हे बरोबर पण तपासता न येणाऱ्या विधानापेक्षा अधिक उपयोगाचे असते. येथपर्यंत सल्ल्याशी आमचा वाद नाही.

नाव एक, अर्थ तीन

वाद पुढे आहे. लोणारचेच दुसरे उदाहरण घेऊ. ‘लोणारचे वय किती?’ हा प्रश्न शाळेत हमखास विचारला जातो. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात उष्मादीप्ती पद्धतीने विवराचे वय सुमारे ५२,००० वर्षे आले होते. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या आर्गॉन-आर्गॉन पद्धतीच्या मोजणीत ते सुमारे ५ लाख ७० हजार वर्षे आले, म्हणजे दहापटीहून अधिक. आणि ज्या बेसाल्ट खडकात हे विवर पडले, तो खडक सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा आहे. तिन्ही आकडे छापील आहेत आणि तिन्हींशेजारी ‘लोणार’ हा शब्द आहे.

वकिलाने सूचनेत ‘लोणार अहवाल’ असे फायलीचे नाव घेतले आणि त्या अहवालात हे तिन्ही आकडे असले, तर नाव घेऊन काय साधले? यंत्राला कोणता तुकडा जवळचा वाटेल, त्यावर उत्तर ठरेल. येथे दोष फायलीच्या उल्लेखात नाही, प्रश्नात आहे. खडकाचे वय हवे की विवराचे, कोणत्या पद्धतीने काढलेले, कोणत्या वर्षी प्रसिद्ध झालेले, हे विचारणाऱ्यालाच ठाऊक नसेल, तर फायलीचे नाव त्याला वाचवू शकत नाही. उलट उत्तराखाली फायलीचे नाव आल्यामुळे चुकीला वजन मात्र येते.

निशाणी आणि नाव यांतला फरक

फायलीचा उल्लेख ही कल्पना आपल्या न्यायालयांना नवी नाही. जिल्ह्यातल्या कोणत्याही दिवाणी न्यायालयात दाव्यातील अर्जाला, शपथपत्राला, सिद्ध झालेल्या दस्तऐवजाला ‘निशाणी’ क्रमांक पडतो. ‘नि. ५’ म्हटले की वादीचा वकील, प्रतिवादीचा वकील आणि न्यायाधीश या तिघांच्याही नजरेसमोर एकच कागद येतो. त्या दिवशी काय झाले याची नोंद रोजनाम्यात होते. ही व्यवस्था जुनी आहे, पण तिच्यात एक शहाणपण आहे. निशाणी न्यायालय देते, पक्षकार देत नाही, आणि एकदा पडलेली निशाणी आपल्या सोयीने बदलता येत नाही.

संगणकातल्या फायलीच्या नावाला ही प्रतिष्ठा नाही. ‘अहवाल अंतिम’, ‘अहवाल अंतिम नवा’ आणि ‘अहवाल अंतिम नवा दुरुस्त’ अशा तीन फायली ज्याच्या संगणकात नाहीत, असा माणूस आम्हांला अजून भेटलेला नाही. सूचनेत यांतली कोणती आली, हे पाहणे माणसाचेच काम राहते. पानांचेही तसेच आहे. अहवालावर छापलेले पान १२ असते, तो शपथपत्राला जोडल्यावर त्याच पानावर हाताने ८७ आकडा पडतो, आणि सगळे स्कॅन करून पीडीएफ केली की ते ९१ वे पान होते. ‘पान १२ पाहा’ या संदर्भाचा अर्थ मग तीन जण तीन प्रकारे लावतात. यंत्र बहुधा पीडीएफचे पान मोजते, तर न्यायाधीशांसमोर हाताने घातलेला आकडा असतो.

मराठी कागदांबाबत आणखी एक अडचण आहे. युनिकोड रूढ होण्यापूर्वीच्या टंकांत तयार केलेल्या पीडीएफमधील मजकूर डोळ्यांना स्वच्छ मराठी दिसतो, पण यंत्राने तो उचलला की रोमन अक्षरांची निरर्थक खिचडी हाती येते. स्कॅन केलेल्या कागदांत मुळात अक्षरे नसतात, चित्र असते. ते ओळखताना रफार, अनुस्वार आणि आकडे चुकतात. हस्तलिखित फेरफार नोंद किंवा रोजनामा असेल तर विचारायलाच नको. म्हणजे सूचनेत ज्या फायलीचे नाव आहे, ती यंत्राला वाचता आली आहे की नाही, हा पहिला प्रश्न असायला हवा. त्याची परीक्षा सोपी आहे. फायलीतला एक ठरावीक परिच्छेद जसाच्या तसा उतरवून मागावा आणि मूळ कागदाशी ताडून पाहावा. पाच मिनिटांचे हे काम प्रचलित सल्ल्यात सहसा सांगितले जात नाही.

शिवाय, वाचता आलेली फाईलही सगळी सारख्याच लक्षाने वाचली जाते असे नाही. भाषेच्या प्रतिमानांवर २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात दिसले, की लांब मजकुराच्या आरंभी किंवा शेवटी असलेली माहिती प्रतिमाने चांगली वापरतात आणि मधोमध असलेली अनेकदा हुकवतात. पुढच्या काळात प्रतिमाने सुधारली आहेत. तरीही कायद्याच्या कागदात अपवादाचे कलम बहुधा मधोमधच असते, हे विसरू नये.

कार्यपद्धतीची झापडे

कार्यपद्धतीबद्दलही असेच म्हणावे लागेल. साठवलेल्या पायऱ्यांमुळे काम दरवेळी एकाच रीतीने होते, हा मोठाच गुण आहे. पण त्या पायऱ्या कोणत्या प्रकारच्या प्रकरणासाठी लिहिल्या होत्या? भाडेकराराच्या तपासणीसाठी लिहिलेली यादी शेतजमिनीच्या खरेदीखताला लावली, तर यंत्र तक्रार करत नाही. ते प्रत्येक पायरीखाली काहीतरी भरून देते. सातबाऱ्यावरील इतर हक्क तपासावेत, ही पायरी यादीतच नसेल तर ती गाळली गेल्याचेही कोणाला कळणार नाही. तक्ता पूर्ण भरलेला दिसतो आणि भरलेला तक्ता पाहून मन निश्चिंत होते. प्रयोगवहीतील छापील रकाने भरणाऱ्या विद्यार्थ्याला निरीक्षण केल्याचे समाधान मिळते, तसेच हे समाधान आहे.

दुसरी गोष्ट, कार्यपद्धतीचे नाव तेच राहते आणि आतल्या पायऱ्या कोणीतरी मध्येच बदलतो. प्रयोगशाळेत म्हणूनच कृतीला क्रमांक आणि तारीख असते. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. पुष्कळ कार्यपद्धतींत ‘उत्तर तपासून पाहा’ अशी शेवटची पायरी असते आणि ती तेच यंत्र पार पाडते. न्यूयॉर्कमध्ये झाले ते हेच. विद्यार्थ्याला स्वतःची उत्तरपत्रिका तपासायला देऊन आपण गुण जाहीर करत नाही.

वकिलांसाठी खास बनवलेली साधने तरी चुकत नाहीत ना, असे कोणी विचारील. स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी २०२४ साली कायद्याच्या संग्रहातून शोधून उत्तरे देणाऱ्या अशा काही नामांकित साधनांची चाचणी घेतली. साधनागणिक सुमारे १७ ते ३३ टक्के प्रश्नांना मिळालेली उत्तरे चुकीची होती, किंवा दिलेला संदर्भ त्या विधानाला आधारच देत नव्हता. ही चाचणी अमेरिकेतील कायद्याच्या संग्रहांवर होती, आपण भरलेल्या फायलींवर नव्हती, आणि त्यानंतर साधने बदललीही आहेत. म्हणून आकडा जसाच्या तसा येथे लावू नये. पण निवाडा खरा आणि त्याच्या तोंडी घातलेले विधान खोटे, हा प्रकार बनावट निवाड्यापेक्षा पकडायला कठीण आहे. निवाडा शोधला की सापडतो, आणि सापडला की शोधणारा तेथेच थांबतो.

हे लिहिताना आम्ही धुतल्या तांदळासारखे आहोत असे नाही. शोधनिबंधाच्या अखेरीस, दुसऱ्याच्या यादीतून उचललेला आणि स्वतः न वाचलेला संदर्भ आमच्याही हातून गेलेला आहे. संदर्भ हा वाचल्याचा पुरावा म्हणून लिहायचा असतो. तो वाचण्याऐवजी लिहिला गेला, की विज्ञान असो वा न्याय, दोन्हींचा पाया खचतो. यंत्राने ही वाईट सवय निर्माण केली नाही. तिचा वेग मात्र वाढवला.

मग सूचना कशी असावी?

आमच्या मते, लोणारच्या प्रकरणातली सूचना अशी असावी: ‘आघारकर संस्थेचा अहवाल या एकाच फायलीतून उत्तर द्या. पाण्याच्या रंगाचे कारण सांगणारी मूळ वाक्ये जशीच्या तशी उतरवा. प्रत्येक वाक्याजवळ पीडीएफचे पान आणि कागदावर छापलेले पान, दोन्ही लिहा. निरीक्षण कोणते आणि निष्कर्ष कोणता, ते वेगळे दाखवा. अहवालात उत्तर नसेल तर ‘आढळले नाही’ एवढेच लिहा. बाहेरची माहिती जोडू नका.’

या सूचनेत फायलीचे नाव एकदाच आले आहे. बाकीची सगळी वाक्ये तपासणाऱ्या माणसासाठी आहेत. ‘आढळले नाही’ म्हणण्याची मोकळीक तर फारच महत्त्वाची, कारण ती दिली नाही तर उत्तर रचण्याकडेच यंत्राचा कल राहतो. एवढे करूनही उतरवलेले वाक्य मूळ कागदावर बोट ठेवून पाहावेच लागते. केरळ उच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये जिल्हा न्यायालयांसाठी जे धोरण जाहीर केले, त्यात निर्णय किंवा निष्कर्ष काढण्यासाठी ही साधने वापरू नयेत, त्यांची उत्तरे माणसाने तपासावीत आणि वापराची नोंद ठेवावी, असे सांगितले आहे. रोजनाम्याचे शहाणपण तेथे टिकले आहे.

वर्गात करून पाहा

या प्रयोगाला संगणक लागत नाही. नववी-दहावीच्या वर्गात लोणारविषयीचे तीन उतारे वाटावेत: एक पाठ्यपुस्तकातला, एक वर्तमानपत्रातला आणि एक एखाद्या विज्ञान मासिकातला. एका गटाने ‘लोणारचे वय किती?’ याचे उत्तर संदर्भासह लिहावे. संदर्भात उताऱ्याचे नाव, परिच्छेद आणि ओळ असावी. उत्तर झाकून केवळ संदर्भ दुसऱ्या गटाकडे द्यावा. त्यांनी दोन मिनिटांत ती ओळ शोधून मोठ्याने वाचावी आणि मग उत्तर उघडावे. ओळ सापडली नाही, किंवा ओळीत वेगळेच निघाले, तर उत्तर बरोबर असले तरी गुण नाहीत. शेवटी सर्वांना विचारावे, की प्रश्नात कोणता शब्द घातला असता तर तिन्ही उताऱ्यांतला घोळ टळला असता?

‘कोणाचे वय?’ हा शब्द एखाद्या मुलीने किंवा मुलाने सुचवला, की तासाचे काम झाले. तो विद्यार्थी उद्या बुलढाण्याच्या न्यायालयात उभा राहील किंवा आमच्यासारखा प्रयोगशाळेत बसेल. त्याच्यासमोर यंत्र कोणतेही असो, फायलीचे नाव घेतल्यावर ती उघडून ओळीवर बोट ठेवण्याची सवय त्याला तोवर लागलेली असावी, आणि ती लावण्याची जागा शाळा आहे.